दार्काने मागे घेतलेला लेख

दार्का ह्रिन्युकने आपला सगळ्यात गाजलेला लेख स्वतःच्या हाताने मारला, आणि तोही गॉर्डन थॉर्लाकसनने लग्नाला नकार दिला म्हणून, अशी कुजबुज कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या कॅन्सर संस्थेत वर्षानुवर्षं चालली. लेखावर नावं दोघांची. सूड उगवायला याहून सोयीची जागा कुठली? ही कुजबुज पसरवणाऱ्यांत मी पुढे होतो, कबूल करतो. मी तिथे काचसामान धुवायचो. नळ सोडला की आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, आणि बंद केला की सगळ्यांचं ऐकू येतं.

दार्का ठेंगणी, जाड भिंगांची, उणे पस्तीस अंशांतही टोपी न घालणारी बाई. जानेवारीत, त्यांच्या युक्रेनी नाताळाला, ती सगळ्यांसाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करून आणायची आणि कोणी आंबट साय न घेता खाल्ली तर त्याच्याशी दिवसभर अबोला.

तो लेख स्तनाच्या कॅन्सरवरचा. एक औषध त्या पेशींना कसं रोखतं, ते त्यात होतं. जगभरच्या लोकांनी आपापल्या लेखांत त्याचे दाखले दिले. तीन वर्षांत दोनशेच्या वर दाखले झाले, आणि नेमका तेव्हाच तिने लेख मागे घेतला. मासिकात दोन ओळींची सूचना आली, 'काही तांत्रिक कारणांमुळे'. हे गुळमुळीत शब्द गॉर्डनचे. असलं काही छापल्यावर माणसं दुसरं काय समजणार?

आता खरी गंमत. मेलेल्या लेखाचे दाखले थांबायला हवेत ना? थांबले नाहीत. एकाने दुसऱ्याच्या संदर्भयादीतून उचलायचं, तिसऱ्याने त्याच्या यादीतून. मूळ लेख उघडतो कोण? सहा वर्षांत आकडा चारशेच्या पुढे गेला.

तेवढ्यात दार्काच्या प्रयोगशाळेची पाळी आली. तिसऱ्या मजल्यावरची जागा कोणाकडे ठेवायची, हे दर पाच वर्षांनी समिती ठरवते, लेख आणि दाखले मोजून. गॉर्डन तोवर विभागप्रमुख झाला होता. त्याच्या सेक्रेटरीने, बेव्ह फ्रीझनने, कॉम्प्युटरमधून दार्काच्या लेखांची यादी काढली. मेलेला लेख सगळ्यात वर. गॉर्डन ती यादी घेऊन स्वतः आला. मी फ्लास्क गोळा करत होतो.

"यादी झकास दिसतेय, दार्का. सही कर."

"वरचा लेख काढ."

"कॉम्प्युटरने घातलाय तो. आपण कुठे घातला?"

"मग मी काढते."

"अगं, तो काढलास तर उरतं काय? दोन नंबरच्या लेखाला एकोणतीस दाखले."

"एकतीस. दोन गेल्या महिन्यात आले. नीट मोज."

"समिती आकडा बघते. आत कोणी वाचत नाही."

"तोच तर रोग आहे."

"तिसरा मजला जाईल तुझा."

"जाऊ दे. जिने चढून गुडघे दुखतात."

"लिफ्ट आहे."

"बरं झालं. सामान लिफ्टने उतरवते."

गॉर्डन माझ्याकडे वळला. "लॉइड, तू तरी समजाव हिला."

मी नळ सोडला.

तिने लेखावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'हा लेख चुकीचा आहे. दाखला देऊ नये.' शेरा जसाच्या तसा समितीपुढे गेला पाहिजे, म्हणाली. बेव्हने तो जाड अक्षरांत टाइप केला. जाड अक्षरांचं दार्काने काही सांगितलं नव्हतं.

समितीने तिसरा मजला काढून घेतला. दार्का तळघरात आली, माझ्या धुण्याच्या खोलीशेजारी. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक जुना फ्रीजर. तिथून तिने पत्रं लिहायला घेतली. लेख मागे घेतल्यावरही ज्यांनी त्याचा दाखला दिला, त्या प्रत्येकाला एक. 'तुम्ही हा लेख वाचलेला नाही. आधी वाचा, मग तुमच्या पेशी तपासा.' अशी पावणेदोनशे पत्रं. काहींनी उलट शिव्या लिहून पाठवल्या. त्या तिने दारावर टाचल्या. येणारेजाणारे उभं राहून वाचत. चौदा जणांनी खरंच पेशी तपासल्या. नऊ जणांनी आपापले लेख मागे घेतले.

"हे तुझ्या यादीत कुठे बसतं?" मी एकदा विचारलं.

"कुठेच नाही. तू फ्लास्क दे."

अकरा वर्षं ती त्या तळघरात बसली. वर परत जाण्याचा अर्ज तिने एकदाही केला नाही.

गॉर्डनने तिला नकार दिला नव्हता. दोघांपैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं. ज्या पेशींवर तो लेख उभा होता त्या स्तनाच्या नव्हत्या, मोठ्या आतड्याच्या होत्या. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेल्या नळीवरची चिठ्ठी चुकीची होती, आणि तशाच नळ्या तिथून इतरांकडेही गेल्या होत्या. दार्काने पेशी तपासल्या, चूक सापडली, आणि तिने लेख मागे घेतला.