उसवायची शिवण

जुन्या महागड्या गाड्या विकणाऱ्या यार्डांत तिला साडेसाती म्हणत. तोंडावर मावशी, पाठ फिरली की साडेसाती. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. "साडेसाती निदान साडेसात वर्षांनी टळते," ती म्हणायची. "मी टळत नाही."

मावशीचा मूळ धंदा सीटकव्हरं शिवण्याचा. रस्त्याला लागून एक दुकान, आत दोन मशिनं, मागे रेक्झिन आणि चामड्याच्या गुंडाळ्या, आणि त्या सगळ्यावर चिकटवायच्या द्रवाचा वास. गाड्या तपासायला तिला शिकवलं कुणी, तर सीटांनीच. सीट शिवायची म्हणजे आधी गाडीतून काढायची, आणि सीट निघाली की गाडीला अंग झाकायला काही उरत नाही. एकदा एकजण नव्यानेच घेतलेली जुनी, आलिशान सेडान घेऊन हौसेने कव्हरं शिवायला आला. वरून गाडी आरशासारखी. मावशीने सीट काढून गालिचा उचलला, तर खाली वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ. गाडी सीटपर्यंत पुराच्या पाण्यात उभी राहिली होती. त्या गृहस्थाने विकणाऱ्याच्या दारात जाऊन असा काही गोंधळ घातला की पुढच्या आठवड्यात या गृहस्थाचा मेहुणा आला, म्हणाला, "मावशी, मला शिवायचं काही नाही. घेण्याआधी नुसती बघून द्या." तिथून तिच्यामागे हा दुसरा धंदा लागला.

तिची रीत ठरलेली होती. यार्डवाल्याने अकराची वेळ दिली की ही दहाला हजर. पहिला हात बॉनेटवर. बॉनेट कोमट लागलं की दुसरं काहीही न बघता घरी. "गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते खरं," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन म्हणजे पढवलेला साक्षीदार." मग सीटबेल्ट अगदी मुळापर्यंत ओढायचा, कारण गाडी धुणारा बेल्ट धुतो तो दिसतो तेवढाच, पुराचा चिखल आत तसाच राहतो. मग ब्रेकच्या पॅडलचं रबर. काटा म्हणतो गाडी तीस हजार किलोमीटर चालली आणि रबर झिजून गुळगुळीत, तर दोघांत रबराचं ऐकायचं. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने गाडी पोसली नाही, नुसती मिरवली. सगळ्या काचा, सगळी बटणं, सीटची प्रत्येक हालचाल दोनदा. स्वस्त गाडीत चार गोष्टी बिघडतात, महागड्या गाडीत चाळीस, आणि प्रत्येकीचा वैद्य वेगळा.

गाडीच्या संगणकाचं काम सुनेकडे. सून स्टिअरिंगखाली तिचा स्कॅनर जोडायची आणि कधीकधी मान न उचलता म्हणायची, "आई, पाटी कोरी आहे." म्हणजे कुणीतरी कालच गाडीतल्या दोषांच्या नोंदी पुसल्या आहेत. सासूसुनेचं घरी मिठावरूनही पटत नसे, पण गाडीत शिरल्या की दोघी एका तोंडाने बोलायच्या. यार्डवाले याचाच धसका घेत.

त्या दिवशीची गाडी गडद निळी होती. घेणारी दातांची डॉक्टर. आयुष्यभर स्कूटरवर फिरलेली बाई, आता वडिलांसाठी म्हणून मोठी गाडी घेत होती. वडील थकलेले, गुडघे गेलेले, पण हौस शाबूत. तपासणी सुरू व्हायच्या आधीच आजोबा चालकाशेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि उतरायला तयार होईनात. सीट मागेपुढे करून बघत होते आणि प्रत्येक वेळी "वा!" म्हणत होते.

आणि गाडी खरोखर चांगली निघाली. बॉनेट गार. इंजिन एका झटक्यात सुरू. बेल्ट मुळापर्यंत स्वच्छ, टायर चारही एकाच वयाचे, सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या पानापासून भरलेलं, दारांच्या फटी सगळीकडे सारख्या. स्कॅनरला दोष सापडेना आणि पुसल्याची खूणही सापडेना. सून चक्क निराश झाली. यार्डाचा शेठ हाताची घडी घालून बाजूला उभा होता. इतक्या वर्षांत मावशीच्या तोंडून एकदाही सरळ 'घ्या' ऐकायला मिळालं नव्हतं, आज ऐकायला मिळणार म्हणून त्याने दोन सेल्समननाही बोलावून ठेवलं होतं.

शेवटी उरल्या सीटा. मावशी आजोबांच्या बाजूला वाकली, दाराकडच्या कडेच्या शिवणीवरून बोट फिरवत वर गेली, आणि शिवणीच्या टोकाशी तिचं बोट थांबलं. तीन उलटे टाके आणि वर एक आडवा. जगात असं टोक एकच बाई बांधायची.

आता या कडेच्या शिवणीचं सांगायला हवं. महागड्या गाड्यांत सीटच्या त्या कडेत एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली की ती शिवण फाडून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या वाचवते. म्हणून कंपनी तेवढीच एक शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घालते. ती उसवायलाच असते. आणि मावशीची ख्याती काय? तर तिची शिवण उसवत नाही! वर्षानुवर्षं ती असल्या विरलेल्या कडा बघून कंपनीला नावं ठेवायची, एवढी महाग गाडी आणि दोरा बघा मेल्यांचा, म्हणायची, आणि दुहेरी नायलॉनने घट्ट शिवून द्यायची. सात वर्षांपूर्वी एका एअरबॅग बसवणाऱ्या कारागिराने तिला हे सांगितलं. त्या दिवसापासून तिने त्या कडेला सुई लावली नाही. पण आधीच्यांचं काय? त्याबद्दल तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही, कुणालाच नाही. त्या गाड्या एव्हाना भंगारात गेल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्याची खोटी बेरीज एका नजरेत पकडणारी बाई स्वतःशी सात वर्षं खोटं बोलली.

सुनेने सासूचा चेहरा बघितला, मग शिवण बघितली. टाका तिनेही ओळखला. कव्हरांना हात लावून लावून तिची बोटंही तयार झाली होती. ती जवळ येऊन कुजबुजली, "आई, आपण नंतर सीट दुकानात आणवून घेऊ. काहीतरी निमित्त काढू. आत्ता बोललात तर परत कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि नंतर त्यांनी आणलीच नाही तर?"

सून बाजूला झाली.

"मग काय मावशी," शेठ मोठ्याने म्हणाला, "म्हणा की आता! का जीभ जड झाली?"

मावशी सरळ उभी राहिली. "गाडी चांगली आहे. पण आज घ्यायची नाही. या सीटची एअरबॅग उघडणार नाही." आणि ती शिवण उसवायलाच का हवी ते तिने सांगितलं.

शेठचा चेहरा उतरला, मग तापला. "कोणत्या गाढवाने शिवली ही?"

"मी," मावशी म्हणाली.

मग शेठ हसायला लागला, पोट धरून, आणि त्याचे सेल्समनही हसले. "ऐकलंत का? आमच्या गाड्यांतली खोट काढत जन्म गेला हिचा, आणि माणसं मारायची सोय स्वतःच करून ठेवलीय! आता कोणत्या तोंडाने बोलणार, मावशी?"

"याच तोंडाने. चूक माझी आहे, सात वर्षं दडवली तीही माझीच. म्हणून मी तोंड शिवून घेईन असं वाटलं तुम्हाला? हसा तुम्ही पोटभर. पण आजोबा आधी त्या सीटवरून उठतील."

"या यार्डात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

"बरं. हे काम झालं की नाही टाकणार." तिने पिशवीतलं उसवणं, टाके तोडायचं छोटं हत्यार, काढलं आणि आजोबांना हात दिला. ते उतरले. मावशी गुडघ्यावर बसली आणि स्वतःच्या हाताने शिवलेली ती शिवण वरपासून खालपर्यंत उसवू लागली. दोरा सहज सुटेना. शिवून अकरा वर्षं झाली होती, तरी एक टाका सैल पडला नव्हता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि ती दोन्ही लपवत नव्हती.

डॉक्टर पुढे आली. "मावशी, मी तुमच्या भरवशावर आले होते. आता तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," मावशी वर न बघता म्हणाली. "माझ्यावरच काय, कुणावरच ठेवू नका. इकडे बसा. चालकाच्या सीटला कंपनीची शिवण तशीच आहे, तिच्यावर बोट फिरवा. आता हिच्यावर. कळला फरक? यापुढे कुणी घट्ट शिवून दिली तर तुमच्याच बोटाला कळेल. या सीटला कंपनीचं मूळ कव्हर येईपर्यंत गाडी घ्यायची नाही. ते मी आणवते, माझ्या खर्चाने. बसवेल मात्र एअरबॅगवाला, मी नाही."

डॉक्टरने दोन्ही शिवणींवर बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग वडिलांना घेऊन ती निघून गेली, हो नाही काहीच न म्हणता.

घरी नवरा म्हणाला, दुकान बसेल. मुलगा म्हणाला, निदान वकिलाला विचार. मावशी म्हणाली, "विचारा. दुकानावर पाटी तोवर लागेल." पाटी लिहायला सून बसली. तिने लिहिलं, 'काही तांत्रिक कारणामुळे'. मावशीने ते खोडायला लावलं. पाटीवर शेवटी असं आलं: 'सात वर्षांपूर्वी किंवा त्याआधी इथे पुढच्या सीटा शिवून घेतल्या असतील तर गाडी परत आणा. त्या शिवणीमुळे एअरबॅग उघडणार नाही. चूक माझी. उसवून देईन, मूळ कव्हर आणवीन.' पाटी दाराच्या आत नाही, रस्त्याच्या बाजूला लागली.

दोन दिवस लोक पाटी वाचून पुढे गेले. एकाने फोटो काढला. एक जुनं गिऱ्हाईक आलं, तोंडाला येईल ते बोललं, मावशीने मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता गाडी आत घ्या."

तिसऱ्या दिवशी एक काळी सेडान दुकानाच्या दाराशी न थांबता कोपऱ्यावर झाडामागे जाऊन उभी राहिली. सुनेने बघितलं, शेठ. शेजारच्या सीटवर त्याची बायको. शेठ खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि दुकानाच्या दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, ही घरची गाडी आहे. नऊ वर्षांपूर्वी सीटा तुम्हीच शिवल्या होत्या. बायकोला पाटीचं कळलं, तेव्हापासून पुढे बसायला तयार नव्हती, आज कशीबशी बसलीय. जरा बघता का? आणि मी आलो होतो हे कुठे बोलू नका, धंद्याचा प्रश्न आहे."

मावशीने उसवणं हातात घेतलं, फुटपाथवर आली, आणि समोरच्या दुकानांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "शेठ! गाडी झाडामागे कशाला? इथे पाटीखाली लावा!"

आणि शेठच्या बायकोने काच खाली करून सांगितलं, "लावा म्हणतायत ना त्या, मग लावा."