चाळीस शेर, अक्षरं दोन

"तुझं नाव कुठंय त्यात? दाखव मला!"

"गो वसू, कोड्यात नाव कधी असतं? तूच शिकवलंस ना, वर लिहिलेलं फसवं, खरं ते आत. मी आत बघितलं."

"अगं, पण चारचौघांना काय कळणार, की ते तुझ्यावरून..."

"न कळायला काय झालं? अख्ख्या पाचूबंदरातून उठून कोडेवाल्या बाईकडे जाते ती मी एकटीच!"

गोखिवऱ्यातल्या वसुंधराच्या फ्लॅटमध्ये मंगळवारी दुपारी वाद व्हायचे, नाही असं नाही. पण ते काना-मात्रेवरून. आज क्लेमेंटीनने चहाला हातसुद्धा लावला नव्हता. टेबलावर वसईतलं ते पाक्षिक उघडं पडलं होतं. त्याच्या शेवटच्या पानावरचं गूढ शब्दकोडं वसुंधरा रचायची.

वसुंधराने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की भातातला खडा दाताखाली यावा तसं तिला व्हायचं. नवरा गेला, नोकरी संपली, आणि घरात वाचायला उरल्या त्या औषधांच्या चिठ्ठ्या. मग वाचनालयात कोडं असलेल्या रविवारच्या पुरवणीवर एकाच वेळी दोन हात पडले. दुसरा हात क्लेमेंटीनचा. तिची आई मासळी विकायची, ही पोस्टाच्या खिडकीतून निवृत्त झालेली. दोघींनी पुरवणी ओढली, फाडली आणि खो खो हसत शेजारी बसल्या.

"वाक्य बोलतं एक, त्याच्या मनात असतं दुसरंच," वसुंधराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"म्हंजे आमच्या सासूसारखं!"

'आंब्यातून निघाला, उलटून गळ्यात आला' या दोन अक्षरांवर दोघी अर्धी दुपार अडल्या होत्या. हापूस झाला, पायरी झाली, कोय झाली. शेवटी क्लेमेंटीन टाळी पिटत उठलीच, "रस! उलटा कर गो, सर! मोत्याचा सर!" एका कोड्यापायी कुणाला असा आनंद झालेला वसुंधराने आयुष्यात पाहिला नव्हता.

बदल्यात क्लेमेंटीननेही काहीतरी मागितलं. तिला चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, त्या सामूहिक प्रार्थनेत, बायबलमधलं पहिलं वाचन करायचं होतं. भीती एकाच अक्षराची. घरच्या बोलीत सगळीकडे न, आणि पुस्तकात जागोजागी ण. मग दर मंगळवारी कोडं सुटलं, की वसुंधरा तिच्याकडून घोटून घ्यायची, "जीभ वर वळव. अंतःकरण."

"अंतःकरन."

"टाळूला लाव. ण."

जमलं. क्लेमेंटीन व्यासपीठावर उभी राहू लागली. त्याच घोकंपट्टीत एकदा ती दमून म्हणाली होती, "आमच्यात मन आनि मन एकच गो. धान्य मापायचं तेही मन, नि छातीत असतं तेही मनच. म्हनून आमचं चाळीस शेर जड!"

वसुंधरा खुर्चीतून उठून उभी राहिली होती. केवढं सुंदर! महिन्याभरातच ते छापून आलं: 'बंदरावरच्या बाईच्या तोंडी चाळीस शेर, दिसत नाही, तरी जडच (२)'. रचणारी म्हणून खाली नाव वसुंधराचं.

"त्याचं मला काही नाही," क्लेमेंटीन आता म्हणत होती. "मी हसले. सुनेला दाखवलं. माझं वाक्य छापलं म्हनून मिरवले. पन उत्तर कसं छापलंस या अंकात? वाच. मोठ्याने वाच."

"क्लेमे, राहू दे ना."

"मला रविवारी अख्ख्या चर्चसमोर वाचायला उभी करतेस, नि तुला एक ओळ वाचवत नाही?"

वसुंधराने वाचलं. "उत्तर, मन. किनाऱ्यावरील... अशुद्ध उच्चारामुळे 'मण'चे 'मन' होते."

मुद्रित हातात आलं, तेव्हा तिथे 'बोलीतील' असा शब्द होता. तिचाच. तो खोडून वर 'अशुद्ध' लिहिणारा हातही तिचाच. कुणी पंतोजी पत्र पाठवील, बाईंना न-ण कळत नाही म्हणेल, या धसक्याने. स्वतःची शुद्धता जपायला तिने मैत्रिणीची जीभ उघडी टाकली होती.

"छापखान्यात तो नुसता तांत्रिक शब्द असतो गं..." ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची तिलाच शिसारी आली.

"आमच्या आंगनात नसतो. मिस्सा सुटल्यावर शेजारची एलिसा सगळ्यांदेखत काय म्हनाली ठाऊक आहे? 'क्लेमे, प्रभूचा शब्द शुद्ध करून आन गो गोखिवऱ्यावरून!' बायका हसल्या. मीही हसले. मग फादरांना सांगितलं, सनाच्या दिवसाचं वाचन दुसऱ्या कुनाला द्या."

"नाही! क्लेमे, असं नको करूस. मी पुढच्या अंकात माफी छापते, तुझं नाव देते, तो शब्द..."

"अ-शु-द्ध," क्लेमेंटीन एकेक अक्षर सुटं करत म्हणाली. "यात ण नाही बघ. हा मला नीट म्हनता येतो."

वसुंधराने पाक्षिक मिटून बाजूला सारलं. त्याखालच्या पुरवणीत, दोघी सोडवत होत्या त्या कोड्याची अर्धी घरं अजून रिकामी होती.

क्लेमेंटीनने चष्मा डब्यात ठेवला, पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.

"सणाला वाचशील ना गं?" वसुंधरा मागून म्हणाली. मग घाईघाईने, जीभ खाली ओढून, "सनाला, क्लेमे... वाचशील ना?"

क्लेमेंटीनने मागे न बघता चपला पायात सरकवल्या. मग ती लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेली.