आवाज बंद करून पाहिलेले सामने

गेली काही वर्षं मी फुटबॉल कमी आणि फुटबॉलचे तुकडे जास्त पाहते. मुलींचा सामना संपला की माझा सुरू होतो. टॅब्लेट पुढ्यात घ्यायचा, चित्र थांबवायचं, पास कोणी दिला, कोणाला दिला, पोचला की नाही, त्याची खूण करायची आणि पुन्हा पुढे जायचं. नव्वद मिनिटांच्या खेळाला चार तास लागतात. डोळे चुरचुरतात, मान आखडते. मी धुळ्यातल्या एका कॉलेजात खेळाची बाई आहे, कागदोपत्री क्रीडा संचालक. पन्नाशी ओलांडली. माझ्या वयाच्या बायका नातवंडांचे व्हिडिओ बघतात, आणि मी दुसऱ्यांच्या लेकींचे चुकलेले पास मोजते.

हे सगळं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या हौसेनं आलं. आग्रा रोडवर त्यांचं कापडाचं मोठं दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, या नातवाला परदेशी फुटबॉल सामने बघायचं वेड लागलं. एके दिवशी खोकी येऊन पडली. उंच खांबावर बसवायचा, चेंडूमागे आपोआप वळणारा एक कॅमेरा, आणि काळी घट्ट जाकिटं. जाकिटाच्या पाठीवर एक लहानसं यंत्र बसतं आणि कोण किती धावलं, किती वेगानं धावलं, ते सांगतं. मुली त्याला बंडी म्हणायच्या. आठवड्यातून एकदा पुण्याचा एक तरुण विश्लेषक पडद्यावर येऊन आम्हाला आमचाच खेळ समजावून सांगायचा. पोरगा हुशार आणि नम्र होता. त्याच्यावर रागावायला मला कधी कारण सापडलं नाही.

आमच्या बचावफळीत मधोमध एक मुलगी खेळायची. सोनगीरच्या पलीकडल्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. उंच, हाडापेरानं मजबूत, पण चालीला संथ. पहिल्या वर्षी फॉर्म भरायला आली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "मॅडम, माले पोलीस व्हनं शे." विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता येतो, एवढी माहिती काढूनच ती आली होती. तीन वर्षांत एक दिवस सराव चुकवला नाही. कॅमेरा आला तेव्हा तिचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं आणि ते प्रमाणपत्र अजून मिळालं नव्हतं.

नव्या कॅमेऱ्यानं टिपलेला पहिला सामना अध्यक्षांच्या इच्छेनुसार कॉलेजच्या सभागृहात दाखवला. संचालक मंडळ, प्राचार्य, चहा-बिस्किटं असा सगळा थाट होता. पडद्यावर मुली दिसायला लागल्या आणि त्याबरोबर तिचा आवाज सभागृहभर घुमला. "अक्का, तुन्हा मांगे शे ती, देख." "बठ्ठ्या मांगे या." "थांब, घाई करू नको, मी आठे शे." मैदानावरच्या सगळ्याच जणी तिच्या अक्का होत्या, तिच्याहून लहान असल्या तरी. सुरुवातीला कोणीतरी खुसखुसलं, मग सगळे हसले. एक संचालक म्हणाले, "मॅडम, ही मॅच आहे का भाजीबाजार?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. प्राचार्य माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हे पुण्याला जाणार आहे. भाषेकडे जरा लक्ष द्या."

मीही हसले होते. हे लिहायला नको वाटतं, पण हसले होते.

ती भाषा माझ्या आईची आहे. मी खेड्यातून धुळ्याला शिकायला आले तेव्हा वर्गात एकदा तोंडातून 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेलं आणि मागच्या बाकावरून त्याची नक्कल झाली. त्यानंतर सहा महिन्यांत मी जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. तीस वर्षं ती स्वच्छच राहिली. त्या सभागृहात मला वाटलं, माझंच काहीतरी चव्हाट्यावर आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी मुलींना सांगितलं, "खेळताना नीट बोला, नाहीतर गप्प खेळा. हे बाहेरचे लोक बघतात." तिनं विचारलं, "नीट म्हणजे कसं, मॅडम?" प्रश्न सरळ होता, मला तो उद्धट वाटला. पुण्याच्या मुलानं सांगितलेले शब्द मी तिला दिले. मागे कोणी असेल तर मॅन ऑन. वळायला जागा असेल तर टर्न. तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिले आणि मान डोलावली. त्याच दिवशी मी कॅमेऱ्याचा माइकही बंद करून टाकला. म्हटलं, उगाच परत तमाशा नको.

पुढच्या सामन्यात ती एकदाच "मॅन ऑन" ओरडली, तेही अर्ध्या गळ्यानं. आमची डावीकडची बचावपटू काय झालं म्हणून तिच्याकडेच बघत राहिली आणि तेवढ्यात चेंडू निघून गेला. त्यानंतर ती गप्प खेळली. तिचं बघून बाकीच्याही गप्प झाल्या. मला बरं वाटलं. पोरींना शिस्त लागली असं मी प्राचार्यांना सांगितल्याचंही आठवतं.

मग आमच्यावर गोल व्हायला लागले. एका सामन्यात दोन, दुसऱ्यात तीन. मी टॅब्लेट घेऊन बसायची, चित्र पुढेमागे करायची आणि दर वेळी तेच दिसायचं. ती जागेवर उभी, बाकीच्या भलतीकडे, आणि समोरची खेळाडू मोकळी. बंडीच्या आकड्यांच्या तक्त्यात तिची ओळ लालभडक. सगळ्यांत कमी धाव तिची, सगळ्यांत कमी वेग तिचा. पुण्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हिच्या जागी वेगवान कोणीतरी घेऊन बघूया का?" पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, वाऱ्यासारखी पळायची, तिची ओळ हिरवीगार. मी थकले होते. समोर आयतं उत्तर होतं आणि ते यंत्रानं दिलेलं होतं, म्हणजे उद्या कोणी मला बोल लावणार नव्हतं. हेही खरंच आहे.

विद्यापीठाचा संघ जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवडायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला बोलावून टॅब्लेट दाखवला. तिनं आपली लाल ओळ बोटानं वरून खालपर्यंत वाचली. म्हटलं, "बाळा, मी नाही म्हणत, हे आकडे म्हणतात." ती म्हणाली, "बरं, मॅडम." माझी समजूत अशी की तिला पटलं.

जळगावला दुपारचं ऊन डोक्यात जात होतं. ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बंडी घालून बसली होती. उत्तरार्धात आमचा बचाव पार विस्कटला. एकदा समोरची मुलगी आमच्या नव्या बचावपटूच्या पाठीमागून एकटी पुढे सरकत होती. तेव्हा ही बाकावरून ताडकन उठली, तोंड उघडलं आणि थांबली. मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मला आत घ्या म्हणतेय. मी हातानं बस अशी खूण केली. ती बसली. गोल झाला. असे चार झाले.

विद्यापीठाच्या यादीत आमच्या दोन मुली आल्या. जी मैदानात उतरलीच नाही तिचं नाव येण्याचा प्रश्न नव्हता. परतीच्या गाडीत मी मागे वळून पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, निदान डोळे मिटलेले होते. परीक्षा देऊन ती गेली. पोलीस भरतीला बसली, पण खेळाडूंच्या जागेतून अर्ज करता आला नाही आणि थोडक्या गुणांनी राहिली, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

वर्षभरानं टॅब्लेट भरला. जुने सामने काढून टाकायला मी बसले. कानात इअरफोन होते. अगदी सुरुवातीचा, सभागृहात दाखवलेला सामना उघडला आणि तिचा आवाज आला. पुसायचं सोडून मी ऐकत बसले. मग सवयीनं पेन्सिल घेतली आणि तिच्या प्रत्येक हाकेपुढे खूण करत गेले. ती "तुन्हा मांगे शे" म्हणायची आणि अक्का वळायची, चेंडू यायच्या आधी. "बठ्ठ्या मांगे या" म्हणायची आणि सगळी बचावफळी एकदम मागे सरकायची. तिला धावायची गरजच पडत नव्हती, तिनं बाकीच्यांना आधीच जागेवर नेऊन ठेवलेलं असायचं. त्या सामन्यात आमच्यावर एकही गोल झाला नव्हता. जळगावच्या बाकावरून ती का उठली होती आणि माझ्याकडे का बघत होती, ते मला तेव्हा कळलं. ती बोलायची परवानगी मागत होती.

मी ते सगळं पुण्याच्या मुलाला पाठवलं. त्यानं मनापासून ऐकलं. म्हणाला, "मॅडम, खूप इंटरेस्टिंग आहे. पण आपल्या सिस्टिममध्ये यासाठी कॉलम नाहीये."

पुढच्या रविवारी मी तिच्या गावी गेले. एम.ए.ला नाव घातलं तर तिला अजून खेळता आलं असतं, विद्यापीठाच्या निवडीला परत उतरता आलं असतं, आणि या खेपेला तिला बाहेर बसवायची माझी हिंमत नव्हती. हे समोर बसून सांगायचं होतं. तिची आई अंगणात कांदे निवडत होती. मुलगी घरातच होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा आणला. काय बोलायचं ते मी एसटीत घोकलं होतं, पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. तीस वर्षांत बोलले नव्हते तसं, अडखळत बोलले, "चूक मन्ही व्हयनी. तुन्हा आवाज मी बंद करा. एम.ए.ले नाव टाक. परत ये."

आईनं कांद्यातून मान वर काढली. "मॅडम, तुम्ही आठल्याच शेतस का?" मी त्यांच्याकडचीच निघाले या खुशीत ती हसली.

मुलगी हसली नाही. ती माझ्यासमोर ताठ बसली होती, ओढणी नीट खोचलेली. म्हणाली, "नाही मॅडम, तुमची काहीच चूक नव्हती. आता खेळणं शक्य होणार नाही. मी धुळ्याला एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. माझं बोलणं स्पष्ट आहे म्हणून डॉक्टरांनी लगेच घेतलं." एकेक अक्षर धुतल्यासारखं होतं. आईनं तिला बिस्किटं आणायला सांगितलं. ती म्हणाली, "हो आई, आणते," आणि आत गेली.

तिची आई माझ्याकडे सरकली आणि आवाज खाली करून सांगायला लागली, "आते ती घरमा बी अशीच बोलस, मॅडम. तुम्हनाच कॉलेजमा शिकनी." तिला लेकीचं फार कौतुक वाटत होतं. मी मान खाली घालून चहा संपवला.