पर्सिदाची फुली

पर्सिदा आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरात गाणं वाजवणारी एकही वस्तू नाही. रेडिओसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "बावीस वर्षं कान भाड्यानं दिले होते. आता ते माझे आहेत."

सर्बियातल्या आमच्या झ्रेन्यानिन गावात रेकॉर्डचा कारखाना होता तेव्हा ती तिथे ऐकणारी होती. हे खरंच एक काम होतं. छापयंत्रांच्या मागे काचेच्या सहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक ग्रामोफोन, कानाला लावायचे ते जड हेडफोन आणि एक बाई. दर अर्ध्या तासाला प्रत्येक यंत्रावरची एक रेकॉर्ड आत यायची. ती पहिल्या खोबणीपासून शेवटच्या खोबणीपर्यंत ऐकायची, दोन्ही बाजू. चांगली असेल तर मधल्या कागदावर पेन्सिलीनं आपलं आद्याक्षर लिहायचं. खराब असेल तर आद्याक्षराशेजारी फुली मारायची, आणि त्या फुलीसरशी तो सगळा घाणा परत जायचा. मधला कागद छाटून काढायचा, उरलेलं काळं प्लास्टिक दळायचं, वितळवायचं, आणि त्यातून दुसऱ्या कुणाचं तरी गाणं छापायचं.

या कामानं पर्सिदाला दोन गोष्टी दिल्या. एक, असे कान की लिफ्टचं यंत्र बिघडायच्या आठवडाभर आधी ती दुरुस्तीवाल्याला फोन करते. आणि दुसरी, संगीताची किळस. मी जपून लिहिते आहे. तिला संगीत आवडत नाही असं नाही, तिला त्याची किळस येते, जशी मिठाईच्या दुकानात जन्म काढलेल्याला पाकाची येते. अकॉर्डियन लावून आईच्या थडग्यावर रडणारे गायक तिला नकोत. भाचीच्या लग्नातून ती सूप यायच्या आधी उठून आली, कारण वाजवणाऱ्याचा एक सूर पडलेला होता. पण तिचा खरा राग त्या केस वाढवलेल्या पोरांवर, ज्यांनी सत्तरच्या दशकात आपल्याकडे एका बाजूला एकच गाणं असलेल्या रेकॉर्डी काढल्या. "थडग्यावरचं रडणं तीन मिनिटांत संपतं गं," ती मला म्हणाली होती, "ही पोरं वीस-वीस मिनिटं ऑर्गनवर पाय देऊन बसायची. जाझ म्हणे. मध्येच ढोलवाला एकटाच सुटायचा, बाकीचे बहुतेक सिगारेट ओढायला बाहेर जात असतील. मी कुठे जाणार? मला ऐकावंच लागायचं."

अशाच एका पोराचं नाव ग्रादिमिर. तो आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. १९७७ साली त्याच्या 'स्लानी बुनार' म्हणजे 'खारी विहीर' नावाच्या बँडनं एक रेकॉर्ड काढली. ती दुकानात पोचलीच नाही. तेव्हापासून ग्रादिमिर सांगत आला की तेव्हाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या समितीनं ती बंद पाडली. दुसऱ्या बाजूच्या लांबलचक गाण्यात कोरडी विहीर होती, आणि ती विहीर म्हणजे कोण हे समितीला कळलं. त्यानंतर त्यानं ऑर्गनचं झाकण लावलं ते लावलंच. "जिथे मनाई होते तिथे मी वाजवत नाही," असं म्हणून तो गाडी शिकवायला लागला. अर्ध्या गावाला त्यानं शिकवलं, मलाही. तिसऱ्या दिवशी, चौकातून डावीकडे वळताना, त्या समितीची गोष्ट हमखास यायची. सांगताना तो इतका ताठ बसायचा की ब्रेकवरचा त्याचा पाय सुटायचा.

गेल्या सप्टेंबरात आम्ही बायका अंगणात हिवाळ्यासाठी आय्वार करत होतो. लाल मिरच्या पत्र्यावर भाजून, सोलून, मग त्यांचा तासन्तास आटवून लगदा करायचा. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे-लाल झालेले. तेवढ्यात नोवी साद शहरातून रेल्या नावाचा एक माणूस आला. चाळिशीचा, टोकदार बूट, जुन्या रेकॉर्डी घ्यायचा-विकायचा धंदा.

"पर्सिदामावशी आपणच ना? किती शोधलं तुम्हाला!"

"मी इथेच होते," पर्सिदा म्हणाली. "मिरची सोल, नाहीतर बाजूला उभा राहा. धूर अडतोय."

त्यानं पेटीतून पांढरे हातमोजे काढले, ते चढवले आणि 'खारी विहीर'ची ती रेकॉर्ड बाहेर काढली. उघडण्याआधी त्यानं ते पुठ्ठ्याचं पाकीट नाकाशी नेलं आणि डोळे मिटून हुंगलं. एकदा पाठीकडून, एकदा कडेनं.

"शी," पर्सिदा म्हणाली. "मासा आहे का तो?"

"बुरशीचा वास येतो का बघावं लागतं, मावशी. दळायच्या आधी कारखान्यातून बाहेर गेलेल्या तीस-बत्तीसच प्रती जगात उरल्यात. टोकियोला एक आहे, हॅम्बुर्गला दोन."

"ऐकली का तू?"

रेल्या हसला. "ही? हिच्यावर सुई ठेवली तर भाव निम्म्यावर येईल."

पर्सिदानं हातातली मिरची खाली ठेवली. मी तिला तीस वर्षं ओळखते. तिच्या नाकपुड्या अशा आक्रसल्या की आता काहीतरी बोलणार हे मला कळलं. पण रेल्यानं रेकॉर्ड तिच्यापुढे धरून मधला कागद दाखवला. भोकाजवळ पेन्सिलीचं बारीक 'पे', म्हणजे आमच्या लिपीतला 'प', आणि त्याच्या शेजारी फुली.

"सेन्सॉरची खूण," तो हळू आवाजात म्हणाला. "फुलीवाल्या चारच प्रती आहेत. तिप्पट भाव. कारखान्याच्या जुन्या लोकांत विचारत फिरलो, ते म्हणाले 'पे' म्हणजे तुम्ही. मावशी, तुम्हाला हुकूम कुणी दिला? समितीतून माणूस आला होता? आम्ही ही रेकॉर्ड नव्यानं छापतोय. तुम्ही कॅमेऱ्यासमोर चार वाक्यं बोललात तर…"

"भोक," पर्सिदा म्हणाली.

"काय?"

"भोक मधोमध नव्हतं. दुसऱ्या बाजूचा धातूचा छाप केसभर सरकवून बसवला होता. प्रत्येक फेऱ्याला सूर वर जायचा, खाली यायचा. उलटी आल्यासारखं व्हायचं. म्हणून फुली मारली. कसला हुकूम आणि कसली समिती? समितीतल्या लोकांना दोन सुरांतला फरक कळत असता तर आणखी काय हवं होतं?"

आमची शेजारीण इतकी हसली की तिच्या चमच्यातलं तेल सांडलं. रेल्या मात्र हसला नाही. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"मावशी, भोक सरकलं होतं असं सांगितलं तर विकत कोण घेईल? ऑक्टोबरात नोवी सादला मोठा कार्यक्रम ठेवलाय. ग्रादिमिरकाका स्टेजवर येऊन मनाईची गोष्ट सांगणार आहेत. तिकिटं संपलीत. तुम्ही नुसतं गप्प राहा. इतकी वर्षं राहिलातच ना? त्याचाही मोबदला देऊ."

पर्सिदानं मिरच्यांच्या सालीचं भांडं उचललं आणि त्याच्या टोकदार बुटांवर ओतलं. सावकाश, सगळं. "पुसू नकोस," ती म्हणाली. "डाग असला की भाव वाढतो."

तो गेल्यावर ती पुन्हा मिरच्या सोलायला बसली. मी विचारलं, "ग्रादिमिरला तू कधीच सांगितलं नाहीस?"

"फुली माझी हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला विचारायला आला नाही कधी. मला वाटायचं, माणसाला सांगायला काहीतरी लागतं, सांगू दे. चौकात वळताना सांगतो, त्यात कुणाचं काय जातं?" तिनं काळ्या हातांकडे पाहिलं. "पण आता तो हजार माणसांपुढे उभा राहून सांगणार, आणि हा हुंगणारा त्याचा बाजार मांडणार. माझ्या पेन्सिलीवर."

मला ती अडचण दिसत होती. खरं सांगितलं तर ग्रादिमिरनं ऑर्गन उगाचच बंद केला असं ठरत होतं. सत्तेचाळीस वर्षं.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, तिनं हात घासून धुतले आणि माझं दार वाजवलं. "तू चल. तू मास्तरीण आहेस, तुझ्यासमोर तो दार आपटणार नाही."

ग्रादिमिरनं कॉफी ठेवली. स्टेजवर घालायचा कोट खुर्चीच्या पाठीला लावला होता, नव्या बटणांचा. पर्सिदानं कॉफीला हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, जसं ती लिफ्टबद्दल सांगते तसं. भोक, छाप, फुली.

"बरं," ग्रादिमिर म्हणाला. त्यानं मान हलवली. "छाप सरकलेला. समजलं. सरकवायला कुणीतरी सांगितलं असणार."

"ग्रादा, तो छाप मिशा नावाच्या माणसानं बसवला होता. आदल्या दिवशी त्याला मुलगी झाली होती. प्यायला होता."

"मग दुसरा छाप करून पुन्हा का नाही छापली? सांग ना! खराब घाणे पुन्हा छापायचेच ना? तिथे समिती आली!"

पर्सिदानं कॉफीचा कप बाजूला सरकवला. मला वाटलं इथे ती थांबेल. इथे थांबली असती तरी चाललं असतं.

"नवा छाप करायचा तर दोन दिवस यंत्र अडकायचं," ती म्हणाली. "दुकानांची मागणी होती जेमतेम दोनशे ऐंशीची. पुन्हा छापायची का हे विचारायला मी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, असू दे."

"असू दे?"

"असू दे."

"बस? कागद नाही, सही नाही?"

"फोनवरच. तो जेवत होता."

ग्रादिमिर उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याची मान, जी मी गाडीत मागून आणि बाजूनं इतक्या वेळा पाहिली होती, ती एकदम म्हाताऱ्या माणसाची दिसली. "तुमच्या कॉफीत माशी पडलीय, मास्तरीणबाई," तो न वळता म्हणाला. माशी नव्हती. आम्ही उठलो.

त्यानंतर तो पर्सिदाशी बोलला नाही. जिन्यात ती वर येत असली तर तो दारामागे थांबायचा. ऑक्टोबरात तो कोट घालून गेला. कार्यक्रमाला माझा भाचा होता, त्यानं मला सगळं सांगितलं. ग्रादिमिर स्टेजवर आला, लोक उभे राहिले, रेल्यानं विचारलं की मनाई कशी झाली. ग्रादिमिर म्हणाला, "मनाई झालीच नाही. भोक सरकलं होतं. मॅनेजर जेवत होता, म्हणाला असू दे."

 मग सगळं सभागृह हसलं आणि टाळ्या थांबेनात. भाचा म्हणाला, "मावशी, काय विनोदी माणूस आहे! इतकं सोसलं, पण किती सहज बोलतो!" ग्रादिमिरनं हात वर करून दोनदा सांगायचा प्रयत्न केला की हे खरं आहे. लोक आणखी हसले.

नवी रेकॉर्ड डिसेंबरात आली. आत चकचकीत पुस्तिका होती. पर्सिदानं ती माझ्या स्वयंपाकघरात एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावून वाचली. पान सात: 'मध्यभागीचे भोक सरकले आहे, अशी सबब त्या काळी अधिकृतपणे देण्यात आली.' खाली तिच्या फुलीचा फोटो, तळहाताएवढा मोठा केलेला.

"सबब," ती म्हणाली. "मी दिलेली सबब." तिनं पुस्तिका दोन बोटांत धरून टेबलावरून लांब सरकवली, जसं मेलेलं झुरळ सरकवतात. "बावीस वर्षांत मी एक खोटी फुली मारली नाही गं. एक सुद्धा. आणि या हुंगणाऱ्यांनी… शी! हात धुऊ दे मला."

ती धुवायला उठली तेव्हा दार वाजलं. ग्रादिमिर होता. तो तिच्याच दारावरून खाली आला होता. ती नसली की माझ्याकडे असते हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. बसला नाही. पुस्तिका पाहिली, ती उलटी करून ठेवली.

"एक विचारायचंय," तो पर्सिदाला म्हणाला. "समिती नव्हती, ठीक. लोकांनी ऐकलीच नाही. हे नवे घेणारे तर पाकीटही उघडत नाहीत. म्हणजे सबंध रेकॉर्ड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नोकरी म्हणून का होईना, ऐकणारी तू एकटी. सुराचं ते डुलणं सोडून दे. कशी होती?"

पर्सिदा ओले हात तसेच धरून उभी होती. मी मनात म्हटलं, बाई, एकदा खोटं बोल.

"पहिली बाजू कंटाळवाणी," ती म्हणाली. "ऑर्गनचा चिखल. तुला थांबायचं कुठे हे कळत नव्हतं. दुसरीतही तेच. पण अकराव्या मिनिटाला ऑर्गन बंद होतो आणि बासरी एकटीच येते, ती आपली मेंढपाळांची. सूर डुलत होता, तरी मी सुई उचलून मागे ठेवली. परत ऐकलं. तसं करायची परवानगी नव्हती. बावीस वर्षांत तेवढं एकदाच केलं."

ग्रादिमिरचा चेहरा आधी उजळला आणि मग तो विचित्र हसला.

"ती बासरी मी नाही वाजवली. लायोशनं वाजवली. मला ती काढून टाकायची होती. त्यावरून आमचं भांडण झालं, तो निघून गेला. स्वीडनमध्ये माल्मोला बस चालवतो, ऐकलंय."

"मग तुझं चुकलं," पर्सिदा म्हणाली.

"चुकलंच." तो दारापर्यंत गेला, परत वळला, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. "कितव्या मिनिटाला म्हणालीस?"

"अकराव्या. थोडं पुढे."

"नीट सांग. लायोशला कळवायचंय. मागच्या वेळी मी त्याला म्हणालो होतो की ती बासरी कुणी ऐकणार नाही."

"अकरा मिनिटं वीस सेकंद," पर्सिदा म्हणाली, आणि त्यानं ते आपल्या तळहातावर लिहून घेतलं.