अक्काच्या घराचं दार

चनमल्लप्पा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मे महिन्यात अवघं सोलापूर दारं-खिडक्या लावून आडवं व्हायचं, तेव्हा हे गृहस्थ छत्री आणि रंगाची पेटी घेऊन रस्त्यात बसायचे. ऊन असं, की ब्रश टेकतो न टेकतो तोच रंग वाळायचा आणि आभाळाला पट्टे पडायचे. म्हणून मास्तर कागदाखाली ओला पंचा अंथरत. तोच डोक्याला बांधला असता तर बरं झालं असतं, असं लोक म्हणत.

गाव भराभर बदलत होतं. विजेचे खांब आले, मोटारी आल्या, रस्ते रुंद व्हायला लागले. मास्तर दिसेल ते काढत. खांब तर खांब, उकिरडा तर उकिरडा. पदरचं घालायचं नाही, दिसलेलं गाळायचं नाही, हा त्यांचा हेका. एका व्यापाऱ्यानं चित्रातून दुकानापुढची गटार वगळायला सांगितली, तर मास्तरांनी गटार ठेवली आणि गिऱ्हाईक घालवलं.

हा हेका थोरल्या बहिणीलाही नडला. शरणम्मा अक्का विधवा, एकटी. तिचं धाब्याचं घर रस्त्यात जाणार होतं. ती म्हणाली, "चनमल्ला, घर तर चाललं. भाड्याच्या खोलीत लावायला चित्र तरी काढून दे."

मास्तर दुपारभर समोर बसले. चित्र झकास उतरलं. अक्कानं ते हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

"हे माझं घर न्हाई. दार लावलंय की!"

"लावलेलंच होतं, अक्का."

"आतला पसारा चित्रात दिसू नये म्हणून मीच लावलं रे!"

उभ्या जन्मात तिनं दिवसाउजेडी दार लावलं नव्हतं, मग ऊन कितीही रणरणू दे. जंगम स्वामी भिक्षेला येतील आणि बंद दार बघून माघारी जातील, याची तिला धास्ती. एकदाच लावलं, तेही भावापुढं, आणि नेमकं तेच कागदावर कायमचं बसलं.

"उघडं करून दे की."

"दिसलं न्हाई ते मी काढत न्हाई."

 अक्कानं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

मास्तरांना जेवण गोड लागेना. बहिणीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि आपण तिला तत्त्व ऐकवलं, याची त्यांना लाज वाटत होती. तरी हात धजेना.

घर पाडायच्या सकाळी ते मदतीला गेले. सागवानी दार कोण मातीत घालतं? सुतारानं ते चौकटीसकट आधीच काढून बैलगाडीत चढवलं होतं. भिंतीत भगदाड उरलं होतं, आत अंधार. मास्तर बघतच राहिले. मग चित्र मागवून घेतलं आणि तिथंच धुळीत बसले. गडी पहारी घेऊन खोळंबले. मास्तरांनी निळा नि तपकिरी रंग कालवला आणि चित्रातल्या दाराच्या फळ्यांवर गडद हात फिरवला. उन्हात तो तेव्हाच वाळला.

"दिसलं तेच काढलंय," ते म्हणाले आणि चित्र अक्काच्या हातात दिलं.

अक्कानं चित्र डोळ्यांजवळ धरलं. "आत काय बी दिसत न्हाई रे."

"अंधार हाय, अक्का."

"असू दे. चूल कुटं हाय ते मला ठाव हाय."

तिनं चित्र पदराखाली घेतलं आणि गड्यांकडं वळून म्हणाली, "हां, आता पाडा."