फोटोतले आजोबा

मेलेल्या माणसाचं काम इतक्या जिवंतपणे करणारा नट मराठी मालिकांच्या जगात दुसरा झाला नाही, असं मी आता बेधडक म्हणू शकते. आमची मालिका संपली आहे, आणि कुणाचे रुसवेफुगवे काढण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. मालिका म्हणजे ती रोज संध्याकाळची, एकत्र कुटुंबाची, हसतखेळत म्हणतात तसली. तिचे संवाद मी लिहायची. किती वर्षं लिहिले ते विचारू नका. पहिल्या महिन्यात ज्या बाळाच्या बारशाचे विनोद लिहिले, त्याच्याच मुंजीतले विनोदही मला लिहावे लागले, एवढ्यावरून काय ते समजा. विनोद लिहून माणूस दमतो हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, ही दिवसभर घरात एकटीच हसत बसत असेल.

या कुटुंबातले आजोबा मालिका सुरू होण्याआधीच वारलेले होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मालिकेतली आजी त्या फोटोपुढे उभी राहून घरातल्या सगळ्यांची गाऱ्हाणी सांगणार आणि शेवटी विचारणार, “ऐकलंत का?” मग जरा शांतता, मग संगीत, मग नावं. या मांडणीत आजोबांना काम काय, तर काही नाही. फोटोला चेहरा हवा होता म्हणून आमच्या एका लाइटमनने लालबागच्या आपल्या चाळीतल्या एका शेजाऱ्यांना लोअर परळला आणलं होतं. एका बंद गिरणीच्या शेडमध्ये आमचा सेट होता. हे गृहस्थ परळच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेले. एक्स-रे विभागात उभा जन्म लोकांना “हलू नका, श्वास रोखा” सांगण्यात गेलेला. फोटो काढताना ते स्वतः इतके स्तब्ध बसले की फोटोग्राफरने घाबरून त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिला. एका फटक्यात फोटो निघाला, चहा झाला, नमस्कार झाला. तिथे त्यांचं काम संपायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर.

तेव्हापासून ते रोज आले. लालबागहून चालत, फोटोत आहे तोच इस्त्रीचा सदरा घालून. आधी खिशातल्या रुमालाने स्वतःच्या फोटोवरची धूळ पुसायची, हार नाकावर येत असेल तर सरळ करायचा, मग कॅमेऱ्याच्या पायाशी एक उपडं क्रेट ठेवून त्यावर बसायचं. कारण असं, की आजीचा क्लोजअप घेताना कॅमेरा फोटोच्या जागी यायचा आणि आजीचं काम करणाऱ्या बाईंना बोलायला समोर काहीच उरायचं नाही. आजोबा म्हणाले, मी आहे की. आणि खरोखरच ते खाली बसून बाईंचं सगळं ऐकून घ्यायचे. सुनेने मीठ जास्त घातलं की चेहरा आंबट करायचे, नातू पहिला आला की डोळे मिचकावायचे. पडद्यावर यातलं काही दिसत नव्हतं, पण त्यांच्याशिवाय बाईंना वाक्य म्हणवेना. एकदा मी आजीच्या तोंडी धाकट्या सुनेवर उगाचच कडक बोलणं लिहिलं होतं. शॉट सुरू झाला आणि आजोबांनी क्रेटवर बसल्या बसल्या पाठ फिरवली. बाई अडखळल्या, पुन्हा घेतलं, पुन्हा पाठ. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. शेवटी मला ताटावरून उठवून आणलं आणि सुनेच्या हातून निदान वरण तरी करपलेलं दाखवावं लागलं. त्या दिवसापासून प्रसंग लिहिताना मी मनातल्या मनात क्रेटकडे बघून घ्यायची.

हाराची गोष्ट वेगळीच. पॅकअप झालं की घरी जाण्यापूर्वी ते स्वतःच्या हाताने फोटोवरचा हार उतरवून खिळ्याला अडकवायचे आणि सकाळी आल्यावर मगच घालू द्यायचे. रात्री मी जिवंत असतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा गडबडीत हार राहिला, तर लालबागच्या नाक्यावरून उलटे फिरून आले आणि वॉचमनला शेड उघडायला लावली. मला आधी हा चावटपणा वाटला. मग लाइटमनने सांगितलं की ही काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची अट आहे. काकूंनी फोटोचं काम ऐकलं त्याच दिवशी बजावलं होतं, “घोव जितो असताना त्याच्या फोटोक घातलेलो हार मी बघूचंय नाय.” दिवसा पोटासाठी नाही पण हौसेसाठी मरायचं असेल तर मरा, रात्री हार उतरलाच पाहिजे. अख्खी चाळ आमची मालिका बघायची, आणि त्या वेळात काकू टीव्ही बंद करून खाली दुकानात जाऊन बसायच्या.

आजोबांना एकच गोष्ट हवी होती, एक वाक्य. सेटवर त्यांचं तोंड क्षणभर बंद नसे. एक्स-रेत कुणाच्या पोटात काय सापडलं इथपासून मसाला कुटायच्या डंकावर यंदा मिरची कशी आहे इथपर्यंत सगळं ते सांगत. पण नवीन भागाचे कागद आले की माझ्याजवळ येऊन विचारायचे, काय गो, आज पण मी गप्पच? मी म्हणायची, आजोबा, मेलेली माणसं बोलत नाहीत हो. यावर एकदा ते शांतपणे म्हणाले, “ते हॉस्पिटलात. इथे सगळं तुझ्या हातात आहे ना?”

मी खटपट केली. आजोबा जिवंत असतानाचा एक जुना प्रसंग लिहिला, चांगली चार पानं बोलणं दिलं. वाहिनीने त्यासाठी व्यायामशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण पाठवला, कारण जुन्या काळातले आजोबा तरुण असणार. वाहिनीचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं, हीच खरी पंचाईत. आजोबांनी त्या पोराला आपण कान कसा खाजवतो ते दाखवलं, धोतर नीट करून दिलं आणि क्रेटवर जाऊन बसले. त्या एका दिवशी त्यांनी चहा नको म्हटलं. मला फार वाईट वाटलं, आणि दमणूक अशी होती की वाईट वाटून घ्यायलाही दुसरा दिवस उजाडला.

मग वाहिनीने मालिका आवरायला सांगितली. शेवटच्या भागात जुनं घर पुनर्विकासाला जातं, सामान बांधलं जातं आणि आजी फोटोला विचारते, “मुलांबरोबर निघालेय मी. येताय ना? ऐकलंत का?” मी म्हटलं, इथे फोटो बोलेल. दिग्दर्शक इतका थकला होता की त्याने वाददेखील घातला नाही. आजोबांसाठी मी वाक्य लिहिलं, “येतो, पण मला खिडकीजवळ लाव.” त्यांनी ते लालबागभर म्हणून दाखवलं. डंकावर, भाजीवाल्याकडे, गणपतीच्या मंडळात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे काकूंनी शेवटचा भाग बघायचं कबूल केलं. बोलणारा माणूस मेलेला कसा असेल, हा आजोबांचा युक्तिवाद त्यांना पटला होता.

शूटिंगच्या वेळी क्रेटसमोर माइक लावला. बाईंनी विचारलं, “येताय ना? ऐकलंत का?” आजोबांनी तोंड उघडलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बघून त्यांच्याही आलं. वाक्य राहूनच गेलं आणि बराच वेळ थांबून ते एवढंच म्हणाले, “हं.” कुणी कट म्हणेना. लाइटमन वर तोंड करून दिव्यांकडे बघत बसला. मी इतकी वर्षं लिहिलेल्या सगळ्या संवादांपेक्षा तो हुंकार बरा होता, आणि तो मी लिहिलेला नव्हता. दुसरा शॉट घ्यायचाच नाही असं ठरलं.

भाग दाखवायच्या दिवशी मला चाळीत बोलावणं होतं. मी जिना चढत असताना दिग्दर्शकाचा फोन आला. वाहिनीत कुणीतरी शेवटच्या प्रसंगात सेटवरचा कसलासा आवाज राहिलाय म्हणून तो पुसून टाकला होता. खोकल्यासारखा काहीतरी होता म्हणे. आता काही करता येणार नव्हतं. मी त्याच जिन्यावरून परत फिरावं असं मनापासून वाटलं, पण वरून पोरांनी मला पाहिलं होतं.

खोलीत गॅलरीपर्यंत माणसं होती. सेट मोडला तेव्हा मी पाठवलेला फोटो काकूंनी खिडकीजवळ लावला होता, हाराशिवाय. काकू अगदी पुढे, टीव्हीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. आजोबा सगळ्यांच्या मागे दाराजवळच्या खाटेवर, तोच सदरा घालून. मी त्यांच्या बाजूला बसले आणि मला सांगवेना. पडद्यावर सामान बांधून झालं. आजी फोटोपुढे आली. ऐकलंत का, तिने विचारलं. टीव्ही गप्प. मी खाली जमिनीकडे बघत राहिले. आजोबा जरासे पुढे झुकल्याचं मला जाणवलं. रोज क्रेटवर झुकायचे तसेच. आणि नेमक्या त्याच जागी, जितकं थांबायचं तितकं थांबून, आवाज आला, “हं.”

पडद्यावर आजीने निश्वास टाकला आणि पदराने डोळे पुसले. खोलीत टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, बोलले बघा आजोबा. कुणी म्हणालं, आवाज काय स्वच्छ आलाय टीव्हीत. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती, त्यामुळे मागे कुणी पाहिलं नाही. आजोबांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. रुमाल काढून ते चष्मा पुसत बसले.

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या, हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, वाक्य खरं तर मोठं होतं, काकू. त्यांनी मागे खोलीकडे पाहिलं. आत आजोबा शेजाऱ्यांना शूटिंगच्या गोष्टी सांगायला लागले होते.

“टीव्हीतून नाय इलो तो आवाज,” काकू हळूच म्हणाल्या. “माझ्या पाठीसून इलो. माका नाय कळूचा तर कोणाक? घराकडे पण एवढाच बोलतत.”

मग पदर सारखा करून त्या आत गेल्या. खाली रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं, तर खिडकीत दिवा होता आणि आजोबांची बडबड अजून चाललेली होती. उद्या लिहायला काही नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, आणि आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.