आईच्या पासपोर्टातले टाके

बाजारात तिला सगळे दाभणबाई म्हणत. पुस्तकं शिवायचं दाभण सदा तिच्या हातात असे आणि बोलणंही तसंच, आरपार. हे नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची ही बाई जिन्याखालच्या एका खोलीत बसून शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या जाड वह्या बांधून देई. काम वडिलांनी शिकवलेलं आणि पद्धतही वडिलांचीच. पानं नुसती चिकटवायची नाहीत, शिवायची. एकदा एका कचेरीतले साहेब म्हणाले, "चिकटवून द्या की. कोण बघतंय?" तिने सगळा गठ्ठा उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"मग तुम्हीच चिकटवा, साहेब. डिंक शेजारच्या दुकानात मिळतो."

अशा बाईला नियमांचा तिटकारा असेल असं कुणालाही वाटेल. पण तसं नव्हतं. नियम तिला आवडत. नियम सांगणाऱ्याने तो आधी वाचलेला असावा, एवढीच तिची अपेक्षा, आणि नेमकं तिथेच घोडं अडे.

घरात ती आणि आई, दोघीच. आईची पंच्याहत्तरी उलटलेली. आईची धाकटी बहीण लग्न होऊन समुद्रापलीकडच्या देशात गेली, त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून भेट नाही. आता मावशीचे गुडघे कायमचे रुसले होते, ती काही येणं शक्य नव्हतं, म्हणून आईने जायचं ठरवलं. व्हिसासाठी तीन वेळा अर्ज केला आणि तीनही वेळा नकार आला. कागदावर दर वेळी तेच वाक्य: अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही. बाई विधवा, उत्पन्न नाही, नावावर जमीन नाही. मग परतेल कशाला?

"म्हणजे मी तिथे दडी मारून बसणार?" आई म्हणाली. "अगं, मला जिना उतरायला दहा मिनिटं लागतात. मी पळणार कशी?"

तिने हसण्यावारी नेलं, पण तिसऱ्या नकाराचा कागद तिने फाडला नाही की कपाटातही ठेवला नाही. तो टेबलावरच पडू दिला आणि जेवतानासुद्धा त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर कुणाची सुई उसनी आणली तरी संध्याकाळच्या आत परत करणारी ती बाई. तिला न बघता कुणीतरी खोटारडी ठरवलं होतं आणि ते तिला फार लागलं होतं. लेकीला त्याहून जास्त लागलं.

दाभणबाईची एक खोड होती. जे शिवायचं ते ती वाचायची. दवाखान्याच्या वह्यांमुळे निम्म्या गावाची दुखणी तिला पाठ होती. तर झालं असं, की एका प्रवासी कचेरीने जहाजाच्या सहलींच्या नियमांचा एक गठ्ठा बांधायला दिला. शिवता शिवता चौथ्या प्रकरणात तिचा हात थांबला. सहलीच्या जहाजातून आलेला प्रवासी बंदरावर दिवसभरासाठी उतरणार असेल आणि त्याच जहाजाने परत जाणार असेल, तर त्याला त्या देशाचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा आणि सुस्थितीत हवा. खाली देशांची यादी होती. यादीत मावशीचा देश होता.

तिने ते पान तीनदा वाचलं. मग हात धुऊन वर गेली आणि आईला म्हणाली, "त्यांच्या दाराची पायरी आता चढायची नाही. समुद्राकडून जायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मावशीला बंदरावर बोलवायचं."

"आणि त्यांनी अडवलं तर?"

"त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय. त्यांच्या नाकावर टिच्चून जाऊ."

दोघींची तिकिटं निघाली. मावशीला फोन झाला, ती तिकडे रडली, आई इकडे तिला रागावली. निघायच्या आदल्या आठवड्यात दाभणबाईने कागद तपासायला घेतले, तेव्हा आईच्या पासपोर्टाचं मधलं पान तिच्या बोटांना सैल लागलं. तीन अर्जांच्या वेळी तो झेरॉक्सच्या यंत्रावर उताणा दाबून दाबून त्याचा दोरा ढिला झाला होता. नियमात लिहिलं होतं, सुस्थितीत हवा. आणि समोर बसली होती गावातली सगळ्यात चांगली पुस्तक शिवणारी बाई. दुसऱ्या कुणाला जे सुचलंच नसतं, ते तिला सुचल्याशिवाय राहिलं नाही. तिने दोऱ्याला मेण लावलं, जुन्याच भोकांतून पाच टाके घातले आणि गाठ आत दडवली. जुना दोरा तिने कापला नाही. जुना दोरा कापायचा नाही, ही वडिलांची शिस्त होती. पासपोर्ट नव्याहून घट्ट झाला. तिने तो दोनतीनदा उघडून मिटून पाहिला आणि स्वतःवरच खूश झाली.

निघायच्या दिवशी इकडच्या बंदरावरच्या लांबलचक दालनात काउंटरवरच्या मुलीने तो उघडला आणि तिची भुवई वर गेली.

"काकू, हे कुणी शिवलंय?"

आईने लेकीकडे बघितलं. काउंटरवरची मुलगी भल्या मनाची होती. आवाज खाली आणून ती म्हणाली, "कचेरीतूनच असा मिळाला, असं सांगा. नाहीतर प्रकरण वाढेल."

"कचेरीत असे टाके कुणाला जमतात?" दाभणबाई म्हणाली. "मी शिवलं."

झालं. मुलीने अधिकाऱ्याला बोलावलं. तो बारीक, चष्मा लावलेला, घाई नसलेला माणूस होता. त्याने पासपोर्ट एका जांभळ्या दिव्याखाली धरला. "हा दोरा आमचा नाही. आमचा दोरा या दिव्यात चमकतो. हा दस्तऐवज उसवून परत शिवलेला दिसतोय. पान बदललं नाही कशावरून? याच्यावर जाता येणार नाही."

आईने काउंटरची कड धरली. समोर काचेपलीकडे जहाज उभं होतं, इतकं जवळ की खिडक्या मोजता याव्यात. मावशी तिकडे नातवाला घेऊन बंदरावर यायची तयारी करत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांची दप्तरं नीट करणाऱ्या हाताने आईचंच दप्तर बिघडवलं होतं.

पण दाभणबाई रडणाऱ्यांतली नव्हती. "उसवलेलं नाही. तुमचा दोरा आत तसाच आहे. मी माझे टाके काढते, तुमच्यासमोर. मग धरा दिव्याखाली."

"सैल पान चालतं," अधिकारी सावकाश म्हणाला. "शिवलेलं चालत नाही."

"म्हणजे धड असलेलं चालत नाही आणि मोडकं चालतं."

"नियम आहे."

"तुम्ही वाचलाय?"

त्याने टेबलावरची जाड वही तिच्याकडे फिरवली आणि ओळीवर बोट ठेवलं. तसंच लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नियम वाचलेला माणूस भेटला होता, आणि भेटला तो असा.

तिने कात्री मागितली. मुलीने नखं कापायची छोटी कात्री दिली. तिथेच उभ्या उभ्या, मागे रांग खोळंबलेली असताना, तिने आपले पाच टाके एकेक करून काढले. चांगले टाके काढणं सोपं नसतं. चौथ्याला तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. दिव्याखाली आतला जुना दोरा लख्ख चमकला. पानांचे आकडे जुळले. अधिकाऱ्याने मान हलवली.

"यांना जाता येईल," त्याने आईकडे हात केला. मग तो दाभणबाईकडे वळला. "तुम्हाला नाही. सरकारी दस्तऐवजाला हात लावल्याचं तुम्ही कबूल केलंय. चौकशी होईपर्यंत तुमचा पासपोर्ट इथे राहील. चूक झाली असं लिहून दिलंत तर लवकर सुटेल."

"मी शिवलं, असं लिहून देते. चूक झाली असं लिहिणार नाही. पान सुटत होतं."

तिने आपला पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि आईकडे वळली. आई आयुष्यात कधी एकटी पुढच्या गल्लीपर्यंतसुद्धा गेली नव्हती. आता ती मागे फिरणार, अशी लेकीची खात्रीच झाली.

"माझी पिशवी दे," आई म्हणाली.

"आई, एकटी..."

"तू माझ्यासाठी अडकलीस. आता मीही घरी बसले तर दोघींचं नुकसान. दे पिशवी."

आणि ती गेली. जहाजाच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कुणाचा हात न धरता गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखालच्या खोलीत फोन वाजला. आधी आईच होती. "अगं, पासपोर्ट इथे कुणी उघडलासुद्धा नाही! जहाजाचं कार्ड बघितलं आणि म्हणाले, जा."

दाभणबाईने कपाळावर हात मारला. एवढं रामायण झालं ते कशासाठी? मग ती हसायला लागली. पलीकडे दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर ओरडत होत्या. कोण जास्त वाळलंय यावरून वाद चालला होता. इतक्यात मावशीने फोन ओढून घेतला. तिचा आवाज फुटलेला होता.

"तिला सांग ना गं, राहा म्हणावं. पाचला जहाज निघतंय. इथे कोण शोधणार आहे तिला? माझ्या खोलीत राहील. ही गेली तर परत भेट नाही, मला माहीत आहे. तू सांगितलंस तर ऐकेल ती."

मावशीचं खरं होतं. दोघींची वयं दाभणबाईला ठाऊक होती. मनातून तिलाही वाटलं, राहू दे, काय होईल? 'राहा' हा शब्द तिच्या ओठांवर आला.

"आण तो फोन इकडे," आईचा आवाज आला. "ऐक. मी जहाजाकडे निघालेय. पाचला परत जायचंय, मी चारलाच जाऊन बसणार."

"आई, मावशी म्हणतेय ते..."

"तिचं मन मला कळतं. माझंही तेच म्हणतंय. पण त्या लोकांनी तीन वेळा लिहून दिलंय की ही बाई परत जाणार नाही. आज मी राहिले तर ते खरे ठरतील. त्यांना खरं ठरवायला मी एवढा समुद्र ओलांडला नाही." तिला दम लागला होता; मागे मावशी हुंदके देत होती. "आणि हिला मी वचन दिलंय, पुढच्या वर्षी याच जहाजाने येणार. तोपर्यंत तू तुझा पासपोर्ट सोडवून घे. माफी मात्र मागू नकोस."